माइक ओल्डफील्डचा 'ओमाडॉन' : लहानशी लोकधून मोठी कशी होते

लोकधून मुळात लहान असते. आयर्लंडमधील नाचाची एखादी धून दोन छोट्या भागांत, प्रत्येक भाग दोनदा वाजवून, मिनिटभराच्या आतच पूर्ण होते, आणि मग नाचणारे थकेपर्यंत ती पुन्हा पुन्हा वाजत राहते. युरोपातील सिंफनीची रीत नेमकी उलट आहे. तिथे एखादा स्वरविचार मांडायचा, त्याचे तुकडे करायचे, ते वेगळ्या स्वरभूमीवर नेऊन ठेवायचे आणि बराच प्रवास घडवून त्याला घरी परत आणायचे, अशी अपेक्षा असते. या दोन वृत्तींना एकत्र आणण्याचे प्रयत्न 1970 च्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे छोट्या गाण्याची चौकट सोडून दीर्घ रचना करणाऱ्या रॉकमध्ये, पुष्कळ झाले, परंतु त्यांतील बऱ्याच प्रयत्नांत लोकधून ही वाद्यवृंदाच्या भरजरी कपड्यावर शिवलेल्या ठिगळासारखी वाटते. माइक ओल्डफील्ड या इंग्लिश वादकाचा 1975 सालचा 'ओमाडॉन' हा अल्बम मला या साऱ्यांत वेगळा वाटतो, कारण त्यात धुनेला ताणण्याचा किंवा तोडण्याचा प्रयत्न जवळजवळ नाही. धून आहे तेवढीच राहते आणि तिच्याभोवतीचे जग मोठे होत जाते. मी गेली अनेक वर्षे हा अल्बम ऐकतो आहे, आणि प्रत्येक वेळी हीच गोष्ट मला नव्याने थक्क करते.

अल्बमची रचना अगदी साधी आहे. 'ओमाडॉन' नावाचे एकच दीर्घ वाद्यसंगीत दोन भागांत विभागले आहे आणि लाँग प्ले तबकडीच्या दोन बाजूंवर एकेक भाग येतो. पहिला भाग साधारण 19 मिनिटांचा आहे. दुसरा 17 मिनिटांच्या आसपास संपतो, आणि त्यात शेवटी जोडलेले 'ऑन हॉर्सबॅक' हे छोटे गाणेही धरलेले आहे. मुख्य संगीतात शब्द जवळजवळ नाहीत. जे आहेत, ते समजावेत अशी संगीतकाराचीही अपेक्षा नसावी, त्याविषयी पुढे लिहितो. गिटारचे अनेक प्रकार, मँडोलिन, बुझुकी, बँजो, हार्प, स्पिनेट, पियानो, ऑर्गन, सिंथेसायझर, ग्लॉकनश्पील आणि बोरान हे आयरिश चर्मवाद्य, एवढी सगळी वाद्ये ओल्डफील्डने स्वतः वाजवली आहेत. एकावर एक थर ध्वनिमुद्रित करत एकट्याने वाद्यवृंद उभा करण्याची ही त्याची पद्धत 1973 च्या 'ट्युब्युलर बेल्स'पासून सर्वांना माहीत होती. व्हर्जिन रेकॉर्ड्स या कंपनीने बाजारात आणलेला तो पहिलाच अल्बम, आणि त्याची सुरुवातीची धून एका गाजलेल्या भयपटात वापरली गेल्यामुळे विशीतल्या या लाजाळू मुलाला जी प्रसिद्धी मिळाली, ती त्याला पेलवली नाही.

तो लंडनपासून दूर, इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरील हेरेफर्डशर परगण्यात किंग्टन या छोट्या गावाजवळ राहायला गेला. घराचे नाव 'द बीकन', आणि जवळच हर्जेस्ट रिज नावाची लांबट, उघडीबोडकी टेकडी. 1974 मध्ये त्याने त्या टेकडीच्याच नावाने दुसरा अल्बम काढला. तो ब्रिटनच्या विक्रीतालिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला, पण समीक्षकांनी त्याचे स्वागत थंडपणे केले आणि ओल्डफील्ड आणखीच मिटला. तिसरा अल्बम, म्हणजेच 'ओमाडॉन', त्याने घरातच बसवलेल्या 24 ट्रॅकच्या, म्हणजे एकाच फितीवर 24 थर वेगवेगळे मुद्रित करणाऱ्या, यंत्रसामग्रीवर करायला घेतला. काम सुरू झाले त्याच सुमारास, जानेवारी 1975 मध्ये, त्याची आई वारली. ती मूळची आयर्लंडची. पुढील काही महिने हा बावीस वर्षांचाही न झालेला तरुण त्या घरात एकेक वाद्य उचलून वाजवत राहिला. संगीतावर चरित्राचा अर्थ लादणे मला सहसा आवडत नाही, परंतु या अल्बममधील आयरिश सूर कुठून आला, हे कळण्यासाठी एवढी गोष्ट माहीत असायला हवी. आयरिश संगीत ही त्याने बाजारातून उचललेली शैली नव्हती, त्याच्या आईच्या घरची ती बोली होती.

या ध्वनिमुद्रणात एक मोठा अपघात घडला. एकाच फितीवर थरांवर थर चढवत असताना ती फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा चुंबकीय लेप सुटू लागला आणि आवाज जागोजागी गायब होऊ लागला. पहिल्या भागाचे कित्येक महिन्यांचे काम टाकून देऊन ते पहिल्यापासून करावे लागले. त्या टाकून दिलेल्या पहिल्या खर्ड्याची एक प्रत पुढे 2010 च्या विशेष आवृत्तीत प्रसिद्ध झाली. ती अभ्यासू श्रोत्याने एकदा तरी ऐकावी. खर्ड्यात सामग्री चांगली आहे, पण वाक्ये अजून जुळायची आहेत. दुसऱ्यांदा वाजवताना ओल्डफील्डला सगळे संगीत हातात मुरलेले होते, आणि प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात एका खंडातून दुसऱ्या खंडात जाताना जो सहजपणा जाणवतो, तो या सक्तीच्या रियाजाचे फळ असावा, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष संगीताकडे येतो. पहिल्या भागाची सुरुवात अतिशय हळू होते. तारांच्या वाद्यांवर एक संथ धून उमटते, तिच्यात कोमल गंधाराची उदास छाया आहे, आणि तिच्या मागे मानवी आवाजांचा शब्दहीन पडदा पसरलेला आहे. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्या श्रोत्याला ही सुरुवात परकी वाटणार नाही. कुठेही पोचण्याची घाई नाही, मात्र जे चार-पाच स्वर मांडले आहेत ते नीट लक्षात ठेवा, असे वादक जणू सांगतो आहे. तीच धून मग निरनिराळ्या वाद्यांकडे जाते. विद्युत गिटारवर ती आली, की तिच्यात थोडी धार येते. मँडोलिनवर आली की ती थरथरते, आणि लेस्ली पेनिंग या वादकाच्या रेकॉर्डरवर, म्हणजे युरोपीय उभ्या बासरीवर आली, की एकदम गावच्या जत्रेत जाऊन पोचते. प्रत्येक वेळी तिचा आकार ओळखू येतो. सिंफनीत धुनेचे रूपांतर होते तसे इथे होत नाही. एकच माणूस वेगवेगळ्या घरांच्या दारांत उभा राहिलेला दिसावा, तशी ती धून दिसत राहते.

ओल्डफील्डच्या विद्युत गिटारविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण अल्बमचा भावनिक भार बराचसा तिच्यावर आहे. तो गिटार पत्रीने वाजवत नाही, बोटांनी आणि नखांनी वाजवतो. रॉकमधील बहुतेक वादक तार आडवी ओढून स्वर हलवतात, तर हा अभिजात गिटारवादकाप्रमाणे किंवा व्हायोलिनवादकाप्रमाणे बोट तारेवर पुढेमागे डोलवून स्वराला कंप देतो. परिणामी त्याच्या गिटारचा स्वर एखाद्या गात्या गळ्यासारखा येतो. त्याला शेवट असतो, श्वास असतो, आणि पुढच्या स्वराकडे जाताना तो किंचित कण घेऊन जातो. हे कण आयरिश पाइपवादनातील अलंकरणाशी इतके जुळणारे आहेत, की गिटार आणि पाइप ही दोन वेगळ्या काळांतील वाद्ये आहेत याचा विसर पडतो. लोकसंगीत आणि रॉक यांची जी सांगड इतरांना वाद्यांची नावे एकत्र छापून घालावी लागते, ती इथे एका माणसाच्या डाव्या हातातच घातलेली आहे.

पहिला भाग अर्ध्याहून पुढे सरकल्यावर ढोल येतात, आणि इथे काही श्रोते बिचकतात. हे ढोल आयरिश नाहीत, दक्षिण आफ्रिकेचे आहेत. वर्णद्वेषी राजवटीमुळे देश सोडून लंडनला आलेल्या वादकांचा 'जाबुला' नावाचा संच त्या काळी गाजत होता. ज्युलियन बहुला हे त्याचे प्रमुख, आणि त्यांच्यासोबत अखंड चालणारे इतर वादकांचे हात. त्यांचे वादन ऑक्सफर्डशरमधील 'द मॅनर' या स्टुडिओत मुद्रित केले गेले. आयरिश धुनेखाली आफ्रिकी ताल का, असा प्रश्न शास्त्र म्हणून विचारता येईल, परंतु कानाला त्याचे उत्तर चटकन मिळते. आतापर्यंत धून फिरत होती, तिच्या पायाखाली जमीन नव्हती. ढोल सुरू होताच ती जमीन येते. या ठेक्यात रॉकच्या ड्रमसेटसारखा ठरावीक मात्रांवर पडणारा जड ठोसा नाही. अनेक हातांचे लहान लहान आघात एकमेकांत गुंतून सतत पुढे सरकत राहतात, आणि त्यामुळे वर कितीही थर चढवले तरी ते बसत नाहीत, वाहत राहतात. रॉकचा नेहमीचा ड्रमवादक इथे घेतला असता, तर हा सारा उत्कर्ष एखाद्या साध्या गाण्याच्या शेवटासारखा झाला असता, अशी माझी खात्री आहे.

ढोलांवर आवाज येतात आणि पहिल्यांदा शब्द ऐकू येतात. गाणाऱ्यांमध्ये ओल्डफील्डची बहीण सॅली आहे, ब्रिजेट सेंट जॉन आहे, आणि डब्लिनकडची क्लोडा सायमंड्स आहे. ते शब्द आयरिश भाषेचे आहेत, पण ते उच्चारानुसार मोडूनतोडून लिहिलेले आहेत, आणि मूळ अर्थ कळल्यावर आश्चर्य वाटते. बाबा झोपलेत, मांजर दूध पितंय, आणि मी वेडा हसत बसलोय, अशा धर्तीची ती बालगीतासारखी बडबड आहे. ओल्डफील्डने इंग्रजीत सुचलेल्या निरर्थक ओळी सायमंड्सकडे दिल्या आणि आयरिश जाणणाऱ्याच्या मदतीने त्यांचे भाषांतर करून घेतले. अल्बमचे नावही त्यातूनच आलेले आहे. वेडा किंवा खुळा या अर्थाचा जो आयरिश शब्द आहे, त्याचा उच्चार जवळजवळ 'ओमडॉन' असाच होतो. स्तोत्राच्या गांभीर्याने गायल्या जाणाऱ्या या ओळींचा अर्थ इतका घरगुती असावा, हे मला अल्बमचे वैगुण्य वाटत नाही. आई गेल्यावर त्याने आईच्या भाषेत जे गाऊन घेतले, ते लहान मुलाचे बोलणे होते. तराण्यात किंवा पाळण्याच्या हलकाव्यात शब्दाचा अर्थ जसा नादात विरतो, तसाच तो इथे विरतो, आणि जे उरते ते पुष्कळ खोल असते.

यानंतरची पाच-सहा मिनिटे या अल्बमचे शिखर आहेत. ढोल तेच, आवाज तेच, पण त्यांच्यावर एकेक वाद्य येऊन बसते. गॉंग या संचातील पिएर मोर्लेन याचे टिंपनी, म्हणजे वाद्यवृंदातले मोठे नगारे, घुमतात, आणि सगळ्यांच्या वर विद्युत गिटार सुरू होते. सुरुवातीला ऐकलेल्या उदास धुनेची वळणे त्या गिटारमध्ये ओळखू येतात, पण आता ती कुजबुज राहिलेली नाही. मी वाद्याच्या आवाजासाठी किंकाळी हा शब्द सहसा वापरत नाही, तो इथे वापरावा लागतो. आवाज चढत चढत जिथे आणखी काही सामावणार नाही अशा ठिकाणी येतो आणि मग एकाएकी सगळे थर गळून पडतात. खाली फक्त ढोल उरतात. ते थोडा वेळ चालत राहतात आणि दूर जात जात विरतात. तबकडी असेल तर इथे उठून ती उलटी करावी लागते, आणि ते उठणे त्या क्षणी नकोसे होते. सीडीवर किंवा फोनवर ऐकणाऱ्यांनी इथे स्वतःहून दोन मिनिटे थांबावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण दुसरा भाग लगेच सुरू झाल्यास दोन्हींचे नुकसान होते.

दुसऱ्या भागाच्या आरंभाविषयी माझी तक्रार आहे आणि ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही. अनेक विद्युत गिटार आणि ऑर्गन एकमेकांवर इतके दाट रचले आहेत, की त्यांच्यामधली हवा निघून जाते. संगीतकाराला इथे एखाद्या मोठ्या चर्चमधील ऑर्गनसारखा भव्य नाद हवा असावा. तो येतोही, पण त्यातील धून शोधावी लागते, आणि पहिल्या भागात प्रत्येक थर स्वच्छ ऐकू येत असल्यामुळे ही गर्दी अधिकच खुपते. चांगल्या स्पीकरवर हा भाग थोडा सुटा होतो, साध्या इअरफोनवर मात्र तो एकजिनसी गोंधळ वाटतो. नवख्या श्रोत्याने इथे धीर सोडू नये. काही मिनिटांनी हे ढग बाजूला सरतात, एक एकटे साधे गिटार उरते, आणि मग ज्यासाठी मी हा अल्बम पुन्हा पुन्हा लावतो ती गोष्ट घडते.

पॅडी मोलोनी यांचे इलन पाइप्स सुरू होतात. मोलोनी हे 'द चीफटन्स' या 1962 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश संचाचे संस्थापक होते. आयर्लंडचे पारंपरिक संगीत जगभर पोचवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, आणि 2021 मध्ये ते वारले. आपल्याकडे बॅगपाइप म्हटले की लष्करी बँडाचे संचलन आणि मैदानभर घुमणारा कर्कश, आवेशाचा आवाज डोळ्यांसमोर येतो. इलन पाइप्स हे त्याच कुळातले असले, तरी त्यांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. आयरिश भाषेत कोपराला जो शब्द आहे, त्यावरून त्यांचे नाव पडले. वादक खाली बसतो आणि एका कोपराने भाता हलवून पिशवीत हवा भरतो, तोंडाने फुंकत नाही. धून वाजते ती नळी दोन सप्तकांत फिरू शकते. तिचे टोक मांडीवर टेकवून स्वर तोडता येतो, अखंड षड्ज धरणाऱ्या तीन नळ्या बाजूला असतात, आणि मनगटाने दाबायच्या कळांवर अधूनमधून साथीचे स्वरही देता येतात. बंद खोलीत, शेजारी बसलेल्या चार माणसांसाठी वाजवावे असे हे मऊ वाद्य आहे. युनेस्कोने 2017 मध्ये या वादनपरंपरेची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली.

मोलोनींचे वादन या अल्बममध्ये काही मिनिटेच आहे, परंतु त्यांच्या येण्याने सगळ्याचा अर्थ बदलतो. आतापर्यंत आयरिश रंग हा स्मरणात होता, आठवून वाजवल्यासारखा. इथे तो प्रत्यक्ष येऊन बोलू लागतो. नळी मांडीवर टेकवली नाही तर पाइपचा स्वर तुटत नाही, कारण पिशवीतील हवा संपत नाही, त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्यात जाण्यासाठी वादकाला मध्ये निमिषभराचे अलंकरण करावे लागते. ही छोटी कणस्वरांची भिरभिर म्हणजेच आयरिश संगीताची खरी बोली. ओल्डफील्डने या वेळी जे शहाणपण दाखवले आहे त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. एरवी वीस थर चढवणारा हा माणूस इथे जवळजवळ गप्प बसतो. खाली हलके गिटार, मागे सिंथेसायझरचा मंद सूर, तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला, आणि बस्स. मी पहिल्यांदा हा अल्बम एका दुकानातून घेतलेल्या जुन्या तबकडीवर ऐकला होता. ती 'उत्तम स्थितीत' म्हणून मिळाली होती, पण तिच्यावर नेमका याच जागी चरा होता आणि पाइपच्या स्वरावर दर फेऱ्याला टकटक ऐकू येई. शांत जागा नासल्या की या अल्बमचे फार नुकसान होते, म्हणून जुनी तबकडी घेणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूचा मधला भाग वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पाइपनंतर संगीत हळूहळू पुन्हा उभे राहते. बोरान सुरू होतो, मँडोलिन आणि गिटार वेगात येतात आणि शेवट एका नाचाच्या धुनेने होतो. पहिल्या भागाचा शेवट किंकाळीचा होता, दुसऱ्याचा पाय थिरकवणारा आहे. याविषयी काही जाणकार म्हणतात, की पहिल्या भागानंतर दुसरा हलका वाटतो. मला ते पटत नाही. दुःखाच्या शिखरानंतर पुन्हा तेवढेच उंच शिखर रचले असते, तर ते नाटकी झाले असते. उत्तरकार्यानंतरच्या दिवशी घरात पुन्हा चूल पेटते, मुले अंगणात खेळू लागतात, त्या जातीचा हा आनंद आहे आणि तो रचनेत योग्य ठिकाणी आहे.

अशा मिश्रणाचे इतर नमुने ऐकले, की 'ओमाडॉन'चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. डब्लिनच्या 'हॉर्स्लिप्स' या संचाने 1976 मध्ये 'द बुक ऑफ इन्व्हेजन्स' काढला आणि त्याला 'केल्टिक सिंफनी' असे उपशीर्षक दिले. आयर्लंडमधील प्राचीन आक्रमणांच्या मध्ययुगीन ग्रंथावर तो बेतलेला आहे, आणि आनंदाचे, शोकाचे व निद्रेचे संगीत अशी जी आयरिश परंपरेतील त्रिविध वर्गवारी आहे, तिच्यानुसार त्याचे तीन विभाग पाडले आहेत. कल्पना म्हणून ती फार सुंदर आहे, आणि गाणीही जोरकस आहेत, परंतु शेवटी ती सुटी गाणीच राहतात. 1992 मधील 'आयोना' या संचाच्या 'द बुक ऑफ केल्स' मध्ये ध्वनीची मांडणी अत्यंत प्रसन्न आहे, पाइप, व्हिसल नावाची बासरी, सॅक्सोफोन, स्त्रीचा स्वच्छ गळा, सगळे आहे, आणि शांत संध्याकाळी ऐकायला मी तो अल्बम आनंदाने निवडीन. 'ओमाडॉन' मात्र या दोन्हींपेक्षा अधिक ओबडधोबड आहे. त्यात सुरांची किंचित ओढाताण, बोटांची खरखर, हातांनी धरलेल्या लयीची पुढेमागे होणारी हालचाल ऐकू येते. संगणकाने लय सरळ करण्याच्या आधीचा हा काळ आहे, आणि हे संगीत एका माणसाने एका खोलीत हाताने घडवलेले आहे, हे कानाला सतत कळत राहते.

कोणती आवृत्ती घ्यावी, हा प्रश्न विचारला जाईल म्हणून थोडे लिहितो. 2010 च्या विशेष आवृत्तीत 1975 चे मूळ मिश्रण, म्हणजे मुद्रित थर एकत्र जुळवून केलेले अंतिम रूप, आहे, ओल्डफील्डने स्वतः केलेले नवे स्टिरिओ मिश्रण आहे, आणि डीव्हीडीवर सभोवार ध्वनीचे 5.1 मिश्रणही आहे. सोबत 'इन डुल्सी युबिलो' आणि 'पोर्ट्समथ' या त्याच काळात सुट्या काढलेल्या, ब्रिटनमध्ये अतिशय लोकप्रिय झालेल्या छोट्या धुनाही मिळतात. नव्या मिश्रणात वाद्ये अधिक सुटी ऐकू येतात आणि दुसऱ्या भागाच्या गर्दीत थोडा उजेड पडतो. पण प्रथम ऐकणाऱ्याने मूळ मिश्रणच ऐकावे, असे मी म्हणेन. पहिल्या भागाच्या शेवटी सगळे एकमेकांत मिसळून एकच लाट व्हावी, ही त्या वेळची निवड होती, आणि थर वेगळे केले की ती लाट थोडी ओसरते. ज्यांच्याकडे 5.1 ची सोय आहे त्यांनी ढोल चारही बाजूंनी ऐकण्याचा अनुभव जरूर घ्यावा. मुखपृष्ठही लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. डेव्हिड बेली या छायाचित्रकाराने पावसाचे थेंब पडलेल्या काचेआडून ओल्डफील्डचा चेहरा टिपला आहे. लाँग प्लेच्या मोठ्या आकारात ते छायाचित्र जसे दिसते, तसे सीडीच्या छोट्या कागदावर दिसत नाही.

आता शेवटच्या गाण्याकडे. मुख्य संगीत संपल्यावर थोडी शांतता आहे, आणि मग 'ऑन हॉर्सबॅक' येते. विल्यम मरी आणि ओल्डफील्ड यांनी लिहिलेले हे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे घोड्यावरून रानात फिरण्याविषयी आहे. ओल्डफील्ड त्यात गातो म्हणण्यापेक्षा बोलतो, आणि ध्रुवपदाला लहान मुलांचे आवाज येतात. काही श्रोते ते बाळबोध म्हणून गाळतात. मी पूर्वी तेच करत असे. आता करत नाही, कारण पहिल्या भागात परभाषेच्या आड लपवलेली बालगीताची बडबड इथे उघडपणे, सगळ्यांना कळेल अशा शब्दांत समोर येते. त्या टेकडीवरच्या गवतातून, बर्फातून घोडा चालला आहे आणि आकाशात उडण्यापेक्षा मला इथेच बरे वाटते, एवढेच ते सांगते. घरातून बाहेर पडायला घाबरणाऱ्या माणसाने हे गायले आहे, हे लक्षात घेतले की ते हलके वाटत नाही.

2017 च्या जानेवारीत ओल्डफील्डने 'रिटर्न टू ओमाडॉन' काढला. पुन्हा दोन दीर्घ भाग, प्रत्येकी सुमारे 21 मिनिटांचे, आणि या वेळी सगळी वाद्ये त्याने एकट्यानेच वाजवली. पाइप नाहीत, जाबुलाचे ढोल नाहीत, आणि शिखरही पहिल्यासारखे उंच नाही. तरी नखांनी छेडलेल्या त्या गिटारचा स्वर तोच आहे, थोडा सावकाश झालेला. दुसऱ्या भागाच्या अखेरीस वेग वाढतो, धून नाचू लागते, आणि मध्येच 'ऑन हॉर्सबॅक'मधल्या त्या मुलांच्या आवाजांचे तुकडे, चार दशकांपूर्वी जसे मुद्रित झाले होते तसे, वाद्यांच्या गर्दीतून ऐकू येतात.